झेनिट-ई आणि फोटोग्राफरला न दिसलेले चार मिलिमीटर

'छायाचित्र हे प्राथमिक साधन आहे' हे वाक्य पेटच्या तयारीत तुम्ही कुठे ना कुठे पाठ केलंच असेल. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण एखादा जुना फोटो खरोखर हातात येतो, त्याच्या आधारावर प्रबंधातलं एखादं पान उभं करायचं ठरतं, आणि मग प्रश्न पडतो : हा फोटो नेमकं कशाचं साधन आहे? समोर जे घडत होतं त्याचं? फोटो काढणाऱ्याला जे दाखवायचं होतं त्याचं? की त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याला जेवढं जमत होतं त्याचं?

पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर लिहिलं जातं. मी इथे तिसऱ्यावर बोलणार आहे, आणि तेही एकाच कॅमेऱ्याबद्दल. झेनिट-ई. सोव्हिएत बनावटीचा, ३५ मिलिमीटर फिल्मचा, सिंगल लेन्स रिफ्लेक्स म्हणजे एसएलआर कॅमेरा. उत्पादन १९६५ मध्ये सुरू झालं आणि १९८२ पर्यंत मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क मेकॅनिकल वर्क्समध्ये असे ३० लाखांहून जास्त कॅमेरे बनले. लेन्ससकट वजन जवळपास एक किलो. गळ्यात अडकवला की मान दुखते, आणि शटर दाबलं की 'खटॅक' असा आवाज येतो की शेजारचा वळून बघतो.

हाच कॅमेरा का, ते सांगतो. माझी एक मैत्रीण पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांवर पीएचडी करतेय. चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या टूल रूममधून निवृत्त झालेल्या एका काकांनी तिला निगेटिव्हच्या १४ पट्ट्या दिल्या आणि सोबत कॅमेराही दिला. त्यातल्या एका फोटोत पाळी सुटल्यावर गेटमधून बाहेर पडणारे कामगार आहेत, सायकली आहेत, आणि अगदी डाव्या कडेला डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई अर्धी कापली गेली आहे. मैत्रिणीने प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं की फोटोग्राफरने बाईच्या श्रमाला चौकटीच्या कडेला ढकललं आहे. वाक्य चांगलं आहे. मार्गदर्शकांनाही आवडलं होतं. मी भौतिकशास्त्रातून आलेलो, त्यामुळे मला वाक्याआधी कॅमेरा बघायचा होता.

आता जरा मागे जाऊ. एसएलआर हा प्रकार निघाला तो एका साध्या अडचणीतून. साध्या कॅमेऱ्यात तुम्ही एका भोकातून बघता आणि फिल्म दुसऱ्या भोकातून बघते. दोन्हींमध्ये काही सेंटीमीटरचं अंतर असतं. डोंगराचा फोटो काढताना त्याने काही बिघडत नाही. पण वीतभर अंतरावरच्या फुलाचा, यंत्राच्या सुट्या भागाचा किंवा कागदपत्राचा फोटो काढायला गेलात, की तुम्ही बघितलेलं एक आणि फिल्मवर उमटलेलं भलतंच. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग दुसरा डोळा मिटा, अंगठा सरकतो, तेच हे. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांवर आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर घासलेल्या काचेवर पडतो आणि तुम्ही ते चित्र बघता. शटर दाबलं की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश फिल्मवर जातो. एकच लेन्स, बघायलाही आणि नोंदवायलाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडायचा असेल किंवा लांब पल्ल्याची लेन्स लावायची असेल तर याला पर्याय नाही, आणि म्हणूनच प्रयोगशाळांनी हा प्रकार लगेच उचलला.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये थॉमस सटन यांनी १८६१ मध्येच अशा कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं होतं. ३५ मिलिमीटर फिल्मवरचा एसएलआर मात्र १९३०च्या दशकातला. 'जगातला पहिला' म्हणून ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झॅक्टा (१९३६) सांगितला जातो, आणि लगेच कुणीतरी म्हणतं की लेनिनग्राडचा 'स्पोर्त' त्याच्याही आधीचा. पुढे तर गंमतच आहे. डोळ्यासमोर धरून सरळ चित्र दाखवणारं पेंटाप्रिझम घ्या : पूर्व जर्मनीचा कॉन्टॅक्स एस (१९४९) की इटलीचा रेक्टाफ्लेक्स? फोटो काढल्यावर आपोआप खाली येणारा आरसा घ्या : हंगेरीचा डुफ्लेक्स की जपानचा असाहीफ्लेक्स टू-बी (१९५४)? डुफ्लेक्स आधीचा, पण फार थोडे बनले. प्रत्येकाचं उत्तर 'पहिला' म्हणजे काय यावर अवलंबून : कागदावर पहिला, प्रदर्शनात पहिला, की दुकानात पहिला? तुमच्या संशोधन आराखड्यात 'पहिला' हा शब्द असेल तर त्याच्या आधी व्याख्येची एक ओळ लिहा. मौखिकीला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

झेनिट-ई मात्र कशातच पहिला नाही. तो बाजारात आला तेव्हा प्रिझम जुनं झालं होतं, परतणारा आरसा दहा वर्षांचा झाला होता, आणि लेन्समधून आलेला प्रकाश मोजणारे जपानी कॅमेरे, म्हणजे टॉपकॉन आरई सुपर (१९६३) आणि पेंटॅक्स स्पॉटमॅटिक (१९६४), विकले जात होते. झेनिट जन्मतःच म्हातारा. म्हणूनच मला तो इतिहासासाठी महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. शोध कधी लागला यापेक्षा वस्तू प्रत्यक्षात कुणी, किती काळ वापरली यावरून तंत्रज्ञानाचा इतिहास लिहावा असं ते म्हणतात. आपल्याकडे १९७०-८०च्या दशकांत परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक बंधनं होती. जपानी एसएलआर सर्वसामान्य पगारदाराच्या आवाक्यात नव्हता. देशी पर्याय म्हणजे बडोद्याला बनणारा अॅग्फा क्लिक थ्री. चांगला, पण डब्बा कॅमेराच. सोव्हिएत युनियन आणि पूर्व जर्मनीशी व्यापार मात्र रुपयांत चालायचा, त्याला डॉलर लागत नसत. त्यामुळे एसएलआर हातात घ्यायचाच असेल तर झेनिट किंवा प्राक्टिका, हा मध्यमवर्गीय हौशी माणसाचा मार्ग होता.

याच काळात इथे काय चाललं होतं ते आठवा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली होती, टेल्को १९६६ मध्ये आली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. गावं शहर होत होती, आणि शहर होतानाचे जे फोटो आज घरोघरी पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत, ते काढायला कुणी लायका घेऊन आलं नव्हतं.

लायकाचं नाव निघालंच आहे तर झेनिटची वंशावळ सांगून टाकतो, कारण आकुर्डी-निगडीच्या माणसाला ती लगेच कळेल. १९३२ मध्ये जर्मनीत लायका टू आला. १९३४ मध्ये खारकीव्हच्या एका वसाहतीत, जिथे निराधार मुलांना शिक्षक आंतोन माकारेंको यांच्या पद्धतीने शिक्षण आणि काम दिलं जायचं, तिथे त्याची नक्कल बनायला लागली. परवाना वगैरे काही नाही. वसाहतीला फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचं नाव होतं, त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचं नाव फेद. महायुद्धानंतर तोच आराखडा क्रास्नोगोर्स्कला गेला आणि १९४८ मध्ये झोर्की झाला. मग तिथल्या अभियंत्यांनी झोर्कीचं रेंजफाइंडर काढून त्या जागी आरशाचं खोकं आणि वर प्रिझम बसवलं, आणि १९५२ मध्ये पहिला झेनिट तयार झाला. लेन्सचंही तसंच. झेनिट-ईवरची ५८ मिलिमीटर, एफ/२ हेलिओस-४४ ही जर्मनीतल्या येना इथल्या झाइसच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत युनियनने येनाची यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ नेले होते.

आता चेतक आठवा. बजाज ऑटोचा इटलीच्या पियाजिओशी व्हेस्पासाठीचा करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७२ पासून आकुर्डीत चेतक बनायला लागली. तिचा सांगाडा व्हेस्पा स्प्रिंटचाच. पुढे तिला भारतीय रस्ता, भारतीय कुटुंब आणि भारतीय मेकॅनिक मिळाले आणि ती वेगळीच गाडी झाली. आज तेच नाव विजेच्या स्कूटरवर आहे, जी आधी चाकणला आणि मग पुन्हा आकुर्डीत बनायला लागली. चेतकमागे आधी रीतसर करार होता, फेदमागे काहीच नव्हतं, हेलिओसमागे युद्धाची वसुली होती. तिन्हींना सरसकट 'नक्कल' म्हटलं की हा फरक पुसला जातो. आणि संशोधकाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते, जे नक्कल करताना जमलं नाही किंवा बदलावं लागलं.

झोर्कीच्या छोट्या शरीरावर आरसा आणि प्रिझम बसवताना जागेची तडजोड करावी लागली. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ × ३६ मिलिमीटर असते. झेनिट-ईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र त्यातला फक्त २० × २८ मिलिमीटर भाग दिसतो. गुणाकार करा : ८६४ चौरस मिलिमीटरपैकी ५६०. म्हणजे जेमतेम ६५ टक्के. उरलेला एकतृतीयांशाहून जास्त भाग फिल्मवर उमटतो, पण फोटो काढणाऱ्याला तो दिसलेलाच नसतो. त्याच काळातला निकॉन एफ (१९५९) जवळपास पूर्ण चौकट दाखवायचा. त्याची किंमतही तशीच होती. झेनिटच्या अभियंत्यांना हे चालून गेलं, कारण प्रिंट काढताना निगेटिव्हच्या कडा थोड्या कापल्या जातातच, स्लाइडच्या चौकटीतही झाकल्या जातात. जास्तीचं उमटलं तर बिघडत नाही, कमी उमटलं तर गिऱ्हाईक ओरडतं.

गेटच्या त्या फोटोकडे हा आकडा घेऊन जाऊ. व्ह्यूफाइंडरची चौकट मध्यावर धरली तर निगेटिव्हच्या डाव्या आणि उजव्या कडेचे प्रत्येकी चार मिलिमीटर काकांना दिसत नव्हते. ५८ मिलिमीटरच्या लेन्सने साधारण ५.८ मीटरवरचं दृश्य टिपलं की ते फिल्मवर सुमारे शंभरपट लहान होतं. म्हणजे चार मिलिमीटर हे प्रत्यक्षात ४० सेंटीमीटर. एका माणसाच्या खांद्यांची रुंदी. गेटजवळची माणसं फोटोत किती उंच दिसतात यावरून आम्ही अंतर काढलं, ते सहा मीटरच्या आसपास निघालं. ती पाटीवाली बाई निगेटिव्हच्या कडेपासून तीन मिलिमीटरच्या आत आहे. ती काकांना बहुधा दिसलीच नव्हती. तिला कुणी कडेला ढकललेलं नाही. ती मशीनच्या सैलपणामुळे इतिहासात शिरली आहे.

इथे थोडं थांबा, कारण यातून उलटं टोकही गाठता येतं. 'म्हणजे फोटोला काही अर्थच नाही' असं नाही. काकांना ती दिसली नाही हे खरं असेल, तर पाळी सुटताना गेटबाहेर विक्रीला उभ्या राहणाऱ्या बायका तिथे होत्या याचा हा पुरावा उलट जास्त भक्कम होतो. कुणी हेतूने मांडलेलं दृश्य नाही ते. आशयाचं विधान सुटलं, अस्तित्वाचं विधान घट्ट झालं. शिवाय ती निगेटिव्हवर आहे, काकांच्या अल्बममधल्या प्रिंटवर नाही. प्रिंटमध्ये कड कापली गेली आहे. तुम्ही नुसत्या प्रिंटवरून किंवा मोबाइलवर काढलेल्या अल्बमच्या फोटोवरून काम करत असाल तर हे तुम्हाला कळलंच नसतं. घरमालकांना निगेटिव्हबद्दल विचारा. बहुतेकदा ती फेकलेली नसतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

आता लेन्सकडे वळू, कारण टूल रूमचा माणूस या कॅमेऱ्यावर का भाळला असेल याचं उत्तर मला तिथे दिसतं. झेनिट-ईची लेन्स आट्यांनी बसते. ४२ मिलिमीटर व्यास, एक मिलिमीटर पिच. याला एम-४२ म्हणतात. हे माप कॉन्टॅक्स एसपासून आलं आणि प्राक्टिका, १९७५ पर्यंतचे पेंटॅक्स, झेनिट अशा अनेकांनी ते वापरलं. पूर्व जर्मनीची लेन्स सोव्हिएत कॅमेऱ्यावर, जपानी लेन्स पूर्व जर्मनीच्या कॅमेऱ्यावर. शीतयुद्धाच्या ऐन मध्यात हे सगळं एकमेकांत फिरवून बसायचं. त्यासाठी आटे जुळणं पुरेसं नसतं. लेन्स जिथे टेकते त्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात सारखंच, ४५.४६ मिलिमीटर, असावं लागतं. यात किती फरक चालेल? फिल्मवर ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला टोकदारच वाटतो असं धरलं, तर एफ/२ ला पुढेमागे ०.०६ मिलिमीटर. ६० मायक्रॉन. भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये डायल गेज हातात घेतलेल्या माणसाला विचारा, ६० मायक्रॉन धरणं अवघड नाही. पण ते ३० लाख वेळा धरणं हे वेगळं काम आहे. सुरुवातीच्या फेद कॅमेऱ्यांत ते जमलेलं नव्हतं. तेव्हा लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिली जायची, एकाची दुसऱ्याला लावली की फोकस बिघडायचा. सुट्या भागांची अदलाबदल होणं, गो आणि नो-गो गेजने भाग पारखणं, हे सगळं चाकणच्या कुठल्याही सप्लायरचं रोजचं आयुष्य आहे. कॅमेऱ्याच्या इतिहासात ते क्वचितच लिहिलं जातं, कारण कॅमेऱ्यावर लिहिणारे बहुतेक जण फोटो बघणारे असतात, भाग तपासणारे नसतात.

५० ऐवजी ५८ मिलिमीटर का, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. लेन्सच्या मागे आरसा वरखाली व्हायला जागा लागते, त्यामुळे लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या फार जवळ आणता येत नाही. त्या काळच्या रचनेत ही अडचण थोडी लांब नाभीय अंतर घेऊन सोडवली जायची. म्हणून जुन्या एसएलआरच्या नेहमीच्या लेन्स ५५-५८ मिलिमीटरच्या असतात. आणि हेलिओसच्या फोटोत पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते ना, ज्यासाठी आजची मुलं डिजिटल कॅमेऱ्यावर ही लेन्स मुद्दाम लावतात, तो मुळात दोष आहे : कडेच्या किरणांना लेन्सची नळी अंशतः अडवते आणि कडेचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे होतात. दोषाला चाहते मिळाले की त्याला वैशिष्ट्य म्हणतात.

शटरबद्दल मात्र जरा सावकाश वाचा, कारण मोजमाप करणाऱ्यांना ते सगळ्यात जास्त फसवतं. झेनिट-ईमध्ये फिल्मसमोर कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. वेग १/३० ते १/५०० सेकंद, आणि बोट दाबून ठेवेपर्यंत उघडं राहणारा 'बी'. फ्लॅश वापरायचा तर १/३० वरच. का? कारण संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असते ती फक्त १/३० ला. त्याहून वेगाने गेलात की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघतो, आणि फिल्मवरून एक अरुंद फट सरकत जाते. १/५०० ला प्रत्येक बिंदूला दोनच मिलिसेकंद प्रकाश मिळतो हे खरं, पण चौकटीचं एक टोक आणि दुसरं टोक एकाच क्षणाचं नसतं. मध्ये १/३० सेकंदापर्यंतचा फरक असू शकतो.

सायकलवाला कामगार घ्या. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. सायकल साधारण १.८ मीटर लांब. आपल्या सहा मीटरच्या अंतरावर ती चौकटीची निम्मी रुंदी व्यापते. फट तेवढं अंतर कापेपर्यंत १५ मिलिसेकंद जाऊ शकतात, आणि तेवढ्यात सायकल साडेसात सेंटीमीटर पुढे सरकते. फटीच्या दिशेने जात असेल तर सायकल फिल्मवर लांबलेली, उलट जात असेल तर आखडलेली. चार टक्क्यांची चूक. फोटो छान टोकदार दिसतो, तरी चूक आहेच. हे लक्षात ठेवा, टोकदार म्हणजे अचूक नव्हे. मैत्रिणीच्या विभागातल्या एकाने सुचवलं होतं की सायकलची लांबी माहीत आहे, तिच्यावरून गेटची रुंदी काढू. काढायचीच तर उभ्या सायकलवरून काढा.

प्रकाशमापकाचं थोडक्यात. झेनिट-ईच्या माथ्यावर पुढच्या बाजूला, लेन्सच्या वर, सेलेनियमची एक पट्टी दिसते. प्रकाश पडला की ती स्वतःच वीज तयार करते, काटा हलतो, तुम्ही चकती फिरवून काट्यावर खूण आणता आणि मिळालेले आकडे हाताने शटरवर आणि लेन्सवर लावता. बॅटरी लागत नाही.  मापक नसलेलं भावंडही होतं. त्याचं रशियन अक्षर 'व', पण ते दिसतं इंग्रजी 'बी'सारखं, म्हणून कागदपत्रांत एकच कॅमेरा कधी झेनिट-व्ही तर कधी झेनिट-बी म्हणून सापडतो. ही पट्टी लेन्समधून नाही, बाहेरून मोजते, आणि समोरचा बराच मोठा भाग, आकाशासकट, एकत्र मोजते. दुपारच्या उन्हात गेटचा फोटो काढला की आकाशाचा उजेड काट्याला जास्त हलवतो, फिल्मला कमी प्रकाश मिळतो आणि चेहरे काळवंडतात. जुन्या कारखान्यांच्या फोटोंतल्या 'काळवंडलेल्या, चेहरा हरवलेल्या' कामगारांवर मी दोन-तीन निबंध वाचले आहेत. लेखकांनी एकदा आकाश किती जागा व्यापतं ते बघायला हवं होतं. आज त्या कॅमेऱ्याचा काटा काय दाखवतो यावरून मात्र काही ठरवू नका. सेलेनियम वयाबरोबर मंदावतं. बॅटरीवाल्यांचं दुखणं वेगळंच : ऑलिंपस ओएम-१ सारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. ते सेल बंद झाले आणि लोक १.५ व्होल्टचे घालतात. काटा हलतो, पण चुकीच्या जागी थांबतो. तुमच्या प्रयोगशाळेतलं कुठलं उपकरण असं 'चालू' आहे, ते एकदा बघून घ्या.

शेवटी कालनिश्चितीचं. क्रास्नोगोर्स्कच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे उत्पादनाचं वर्ष. काकांच्या कॅमेऱ्यावर ७७ आहे, लेन्सवर ७८. म्हणजे लेन्स नंतर बदलली, किंवा कारखान्यानेच तशी जोडी बांधली. दोन्ही शक्य आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह असलेले झेनिट-ईही मिळतात, ते तर सांगूनच जातात. पण कॅमेऱ्याचं वर्ष हे फोटोचं वर्ष नाही, ती फक्त सर्वांत आधीची मर्यादा आहे. ७७ सालचा कॅमेरा ७६ सालचा फोटो काढू शकत नाही, एवढंच. फिल्मच्या कडेवर छापलेलं कंपनीचं नाव त्यात भर घालतं. 'इंदू' असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, आणि तिथे उत्पादन सुरू झालं १९६७ मध्ये.

याहून आधीचा एक प्रश्न मात्र आम्ही जवळजवळ विसरलो होतो : ही निगेटिव्हं याच कॅमेऱ्यातली आहेत हे कशावरून? ते तपासता येतं. फिल्मसमोरची धातूची चौकट कुठल्याही दोन कॅमेऱ्यांत हुबेहूब सारखी नसते. कानसेची खूण, रंगाचा पोपडा, कोपऱ्याची गोलाई, सगळं प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर सावलीसारखं उमटतं. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून आम्ही त्या चौकटीचा जवळून फोटो घेतला आणि पट्ट्या एकेक करून भिंगाखाली धरल्या. खालच्या कडेला उजवीकडे एक बारीक दात आहे. चित्र फिल्मवर उलटं पडतं, त्यामुळे फोटो सरळ धरला की तो वरच्या कडेवर शोधावा लागतो. १४ पैकी ११ पट्ट्यांवर तो सापडला, आणि गेटचा फोटो त्यांतलाच आहे. उरलेल्या तीन पट्ट्यांवर दात नाही, आणि चौकटीचे कोपरेही जास्त गोल आहेत. त्या तीनवर वस्तीतल्या घरांच्या आतले फोटो आहेत : चूल, पाळणा, शिवणयंत्रावर बसलेली एक बाई. मैत्रीण येत्या रविवारी काकांकडे जाणार आहे, तो दुसरा कॅमेरा कुणाच्या हातात होता हे विचारायला.